ऑक्टोबरचा समुद्र: नाशिकहून लाटांवर जाणाऱ्यांसाठी धागा

मळ्यातली लाट

पाऊस परतीला लागला की आमच्या दिंडोरीकडे घरोघरी दोनच विषय असतात. द्राक्षाची छाटणी कधी धरायची आणि आभाळ कधी मोकळं होणार. आमच्या घरात गेली चार वर्षं तिसरा विषय आहे, समुद्र. मी, माझा धाकटा भाऊ आणि नाशिकचेच आणखी पाच-सहा जण सर्फिंगचे बोर्ड घेऊन लाटांवर जातो. वर्षातून चार-पाच खेपा होतात, त्यातल्या निम्म्या दसरा ते कार्तिकी एकादशी या काळात. ऑफिसला सुट्ट्या असतात, पावसाळ्याचा खवळलेला समुद्र निवळलेला असतो, पाणी कोमट असतं.

समुद्र निवळलेला असतो, असं आम्ही धरून चालायचो. हा धागा त्यासाठीच काढते आहे.

गेल्या वर्षी आम्ही कोजागरीला गेलो. पहाटे चारला निघायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात नऊ वाजले. भिवंडीत अडकलो. रायगडमधल्या त्या किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत दीड वाजून गेला होता. जेवलो आणि अडीचला पाण्यात उतरलो. भरती होऊन गेलेली, पाणी उतरणीला लागलेलं, वारा समोरून तोंडावर येणारा. डावीकडे-उजवीकडे पांढरा फेस नुसता उसळत होता आणि मधोमध पंचवीस-तीस पावलांचा एक पट्टा अगदी शांत. लाटच फुटत नव्हती तिथे. पाण्याचा रंग जरा गढूळ, वर थोडा कचरा तरंगत समुद्राकडे चाललेला. भाऊ म्हणाला, "ताई, इथून आत जायला सोपं आहे." मीही हो म्हटलं.

सोपं होतं, कारण किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी त्याच वाटेने परत जात होतं.

त्याच्या पायाच्या दोरीचा पट्टा सैल झाला होता म्हणून त्याने दोरी काढून ठेवली होती. पहिल्याच मोठ्या लाटेत बोर्ड हातातून सुटला आणि लाटेबरोबर किनाऱ्याला लागला. तो मात्र आत जात राहिला. दहा मिनिटं तो सरळ माझ्या दिशेने हात मारत होता आणि दर वेळी मान वर काढली की मला जास्त लहान दिसत होता. जाळं विणत बसलेले एक आजोबा उठून पाण्यापर्यंत धावत आले आणि दोन्ही हात आडवे करून ओरडायला लागले, "आडवा जा! आडवा!" भावाने ऐकलं की त्याचे हातच थकले होते, ते त्यालाही सांगता येत नाही. तो किनाऱ्याला समांतर सरकला, फेस होता तिथपर्यंत गेला आणि मग लाटांनीच त्याला ढकलत बाहेर आणलं. पनवेल येईपर्यंत त्याने माझं मनगट सोडलं नव्हतं.

वर्षभर मी याच गोष्टीमागे लागले आहे. आम्ही नाशिकचे लोक आभाळ वाचतो. द्राक्षाला काय होणार ते पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवून सांगतो. समुद्र मात्र सुट्टी बघून गाठतो. माझं म्हणणं एवढंच आहे की दिवस सुट्टीवरून धरू नका, तिथीवरून धरा. बाकीचं खाली चर्चेत येऊ द्या. ज्यांना किनाऱ्याची खरी माहिती आहे त्यांनी कृपा करून लिहावं.

गंगापूर रोड

ताई, वाचून हात गार पडले. मी यंदाच पहिल्यांदा जायचं म्हणतोय. त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावात रोज हजार मीटर पोहतो. तेवढं पुरेल का? आणि जवळ म्हणून डहाणू-बोर्डीला गेलो तर चालेल का? जव्हारवरून रस्ताही छान आहे.

मळ्यातली लाट

पोहणं चांगलंच आहे, सोडू नका. पण तलावात पाणी स्थिर असतं आणि हात टेकायला कठडा असतो. समुद्रात दमल्यावर हातपाय न मारता उताणं पडून तरंगता येणं जास्त कामाचं. पाठीवर पडून दहा मिनिटं शांतपणे श्वास घेता येतो का ते आधी तलावात करून बघा. भावाला ते येत नव्हतं. आता येतं.

डहाणू-बोर्डीचं सांगते. किनारा सुंदर आहे, चिकूच्या वाड्या आहेत, घरच्यांना घेऊन जायला उत्तम. लाटांसाठी मात्र तो भाग फारसा उपयोगाचा नाही. मुंबई आणि त्याच्या उत्तरेला समुद्राचा तळ फार दूरपर्यंत उथळ आहे. मुंबईसमोर हा उथळ पट्टा सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दुरून येणाऱ्या लांब लाटेला तळ लागायला लागला की तिची ताकद घासून जाते. किनाऱ्याशी येईस्तोवर उरतं ते पसरट पाणी. दक्षिणेकडे जावं तसा हा पट्टा अरुंद होतो, म्हणून मालवण-तारकर्लीपासून पुढे गोकर्ण, मुल्कीपर्यंत लाट जास्त सुबक मिळते. शिवाय खंबातच्या आखाताकडे जावं तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते. डहाणूला ओहोटीच्या वेळी पाणी इतकं आत जातं की बोर्ड उचलून चिखलातून चालत बसावं लागतं.

बंदरकाठ

मी मूळचा हर्णै बंदराकडचा. तीस वर्षं सातपूरला नोकरी केली आणि आता सिडकोत राहतो. हे बोर्डाचं मला काही ठाऊक नाही, पण पाणी ठाऊक आहे. या मुलीने लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्याकडे घड्याळ नव्हतं तेव्हाही भरतीची वेळ पोरासोरांना सांगता यायची. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तीच वेळ दिवसा आणि तीच जवळपास रात्री, कारण दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांचं अंतर असतं. मधोमध ओहोटी. शुद्ध पक्ष असो नाहीतर वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, बंदराप्रमाणे फरक पडतो, पण घरातून निघताना एवढं पुरतं. नेमकी वेळ हवी तर छापील तक्ता बघावा.

आता तुमची कोजागरी घ्या. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्षात आमच्याकडे बाराच्या सुमाराला पाणी भरतं. मग अडीच वाजता काय चाललेलं होतं? पाणी जोरात उतरत होतं. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास धरले तर पहिल्या तासाला पाणी थोडंसं हलतं, तिसऱ्या-चौथ्या तासाला सगळ्यात जास्त. निम्मं पाणी त्या दोन तासांत जातं. त्यात पौर्णिमा म्हणजे उधाण. रायगडच्या किनाऱ्याला उधाणात चार मीटरच्या आसपास पाणी खालीवर होतं. दोन तासांत पुरुषभर पाणी उतरलं तर ते कुठल्यातरी वाटेने जाणारच ना बाळ. ती वाट तुम्ही धरलीत.

मळ्यातली लाट

काका, हे कोणीतरी आम्हाला निघण्याआधी सांगायला हवं होतं. दोन वेळा वाचलं. तुम्हाला मनापासून नमस्कार.

याचाच अर्थ अष्टमीनंतरचे दिवस चांगले असा घ्यायचा का?

बंदरकाठ

हो. अष्टमीच्या पुढेमागे असतो तो भांग. भांगाच्या भरतीत पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. उधाण जसं अमावास्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी खरं जोरात येतं, तसा भांगही नवमी-दशमीला पुरता लागतो.

दशमीची पाऊणपट साडेसात. म्हणजे पहाटे सहाला पाण्यात गेलात तर पाणी हळूहळू चढत असतं, साडेसात-आठला भरतं आणि मग सावकाश उतरायला लागतं. चढत्या पाण्यात ओढ कमी. विजयादशमी ही दशमीच की. तुम्ही दसऱ्याला सोनं वाटत बसता आणि पाच दिवसांनी कोजागरीला समुद्रावर जाता. मी उलट करा म्हणतो.

दिवाळीचं बघून ठेवा. लक्ष्मीपूजनाला अमावास्या, भाऊबीज द्वितीयेला. उधाणाचा सगळा जोर त्या दिवसांत. शहरातून गर्दीही तेव्हाच लोटते.

शिडाची होडी

काका, तुम्ही धाग्याचं सोनं केलंत. मी नाशिकचा, नोकरीनिमित्त तीन वर्षं मंगळुरूला होतो, तिथे शिकलो. थोडी लाटेची बाजू मांडतो.

भरती-ओहोटी हा एक भाग. दुसरा भाग लाट येते कुठून. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा दर पाच-सात सेकंदांनी येतात, आखूड, विस्कटलेल्या. दुसऱ्या लाटा आफ्रिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या खाली, दक्षिण महासागरातल्या वादळांत जन्मतात. त्या दर चौदा-सोळा सेकंदांनी येतात. पंधरा सेकंदांच्या लाटांचा गट खोल पाण्यातून ताशी साधारण ४२ किलोमीटरने चालतो. साडेसहा-सात हजार किलोमीटर यायला त्यांना आठवडा लागतो. आपल्याकडे आभाळ निरभ्र, वारा नाही, पानही हलत नाही आणि तरी एकाएकी मोठ्या लाटांचा एक जथा येतो तो असा. मग दहा मिनिटं काहीच नाही. नवखा माणूस त्या दहा मिनिटांत पाणी बघतो, शांत आहे म्हणतो आणि उतरतो.

म्हणून उतरण्याआधी किमान वीस मिनिटं वाळूत बसून बघा. बोर्डाला वॅक्स लावत बसा, पण डोळे पाण्यावर ठेवा.

अंदाज बघताना लोक लाटेची उंची बघतात आणि सेकंद सोडून देतात. एक मीटर आणि सहा सेकंद म्हणजे नुसती खळबळ. एक मीटर आणि चौदा सेकंद म्हणजे खरी ताकद, किनाऱ्याशी येताना ती लाट आणखी उभी राहते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीपर्यंत आली की ती फुटते. तुमच्या छातीइतकी लाट फुटतेय तिथे पाणी डोक्याच्या थोडंच वर किंवा खाली असतं, हा अंदाज पडल्यावर मान वाचवायला उपयोगी पडतो. डोक्यावर पडू नका, सपाट पडा, हात डोक्याभोवती घ्या.

हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा समुद्राचा अंदाज रोज बघण्यासारखा आहे. उंच लाटांचा इशारा तेच देतात. विंडी या संकेतस्थळावर वाऱ्याचा आणि लाटांचा नकाशा मिळतो. दोन्ही नाशिकमध्ये बसून बघता येतात.

छाटणीवाला

निफाडहून. मी समुद्रावर जात नाही, पण तुमच्या धाग्यातला अरबी समुद्र माझ्या बागेतही येतो म्हणून लिहितोय.

२०१९ ची दिवाळी आठवते का? लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. त्याच दिवसांत क्यार वादळ अरबी समुद्रात महाचक्रीवादळ झालं. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं तेवढं मोठं तेच. ते किनाऱ्यावर आलंच नाही, पश्चिमेला ओमानच्या बाजूला गेलं. तरी कोकणात पाणी गावात शिरलं आणि इकडे नाशिकला पाऊस थांबेना. पाठोपाठ महा नावाचं दुसरं वादळ आलं. पोंगा अवस्थेतल्या म्हणजे नुकत्या कोंब फुटलेल्या बागा, फुलोऱ्यातल्या बागा, सगळ्यांवर डाऊनी बुरशी आणि घडकूज. त्या दिवाळीत आमच्याकडे फराळ झाला नाही, फवारणी झाली.

सांगायचं असं की वादळ दूर चाललंय म्हणून समुद्र चांगला, असं कृपा करून समजू नका. आणि २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं होतं, ते तर मुंबई-अलिबागच्या मधूनच जमिनीवर आलं. कोकणातल्या किती होड्या परत आल्या नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रात वादळांचा हंगाम आहे. आम्ही हवामान खात्याचं कमी दाबाच्या पट्ट्याचं पान दिवसातून दोनदा उघडतो. तुम्हीही उघडा.

शिडाची होडी

दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. वादळ हजार किलोमीटरवर असलं तरी त्याची लाट दोन दिवसांत किनाऱ्यावर असते. कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचं वाचलं की आमचा गट बेत रद्द करतो. आगाऊ भरलेले पैसे गेले तर जाऊ द्यायचे.

आई पंचवटीची

माझा मुलगा यातल्याच एका गटाबरोबर जातो. त्याने मला या धाग्याची लिंक पाठवली, "आई, वाच म्हणजे काळजी वाटणार नाही" म्हणून. खरं सांगते, जास्त वाटायला लागली. पण तुम्ही सगळे इतकं मनापासून लिहिताय म्हणून विचारते. परतीच्या पावसात विजा फार पडतात. समुद्रात असताना आभाळ भरून आलं तर ही मुलं काय करतात?

मळ्यातली लाट

काकू, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि आधी माझ्याकडून राहिला होता.

मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख हवामान खात्याने २०२० पासून ८ ऑक्टोबर धरली आहे. पण सरासरी म्हणजे हमी नाही. परतीचा पाऊस दुपारनंतर येतो. सकाळी ऊन तापतं, दोन-तीनला सह्याद्रीच्या बाजूला काळं चढतं आणि चारला गडगडाट. म्हणून आमचा नियम असा की दहाच्या आत पाण्याबाहेर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप प्रत्येकाच्या फोनवर आहे. गडगडाट ऐकू आला की लाट कितीही चांगली असो, बाहेर यायचं, सुरूच्या झाडाखाली न थांबता गाडीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडे बघायचंही नाही. उघड्या पाण्यावर बोर्डावर बसलेला माणूस हाच सगळ्यात उंच असतो.

तुमच्या मुलाला सांगा, निघताना आणि पाण्याबाहेर आल्यावर असे दोन मेसेज तुम्हाला करायचे. आमच्या घरी आता हे ठरलंय.

घाटमाथा

रस्त्याबद्दल लिहितो, कारण तुमच्या कोजागरीच्या दिवशी अर्धा घोळ रस्त्यानेच केला असं वाचताना वाटलं. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. पण आमण्याच्या पुढे भिवंडी-पनवेल आहेच. पहाटे निघून सकाळची भरती गाठायची हा बेत मुळातच चुकीचा आहे. सात तास गाडी चालवलेला माणूस पाण्यात उतरूच नये. आदल्या दिवशी दुपारी निघा, रात्री नऊला झोपा.

मळ्यातली लाट

मान्य. यंदा नवमीला दुपारी निघून मुक्काम करणार आहोत.

वाऱ्याचं राहिलं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे प्रत्यक्ष वापरायचे आहेत. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा दिवसरात्र समुद्रावरून येतो, त्यामुळे मतलई वारा जाणवतच नाही. ऑक्टोबरात नैऋत्य वारा पडतो, रात्री जमीन गार व्हायला लागते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहायला लागतो. हा वारा लाटेला समोरून थोपवतो. लाट लवकर कोसळत नाही, तिचा चेहरा गुळगुळीत राहतो, ती कडेने फुटत जाते. आम्ही सगळे याच एका गोष्टीसाठी तीनशे किलोमीटर जातो. साडेनऊ-दहाला जमीन तापली की वारा फिरतो, खारा वारा सुटतो आणि पाण्याची चाळण होते.

बंदरकाठ

वारा फिरलेला कळायला मोबाइल नको. किनाऱ्यालगतच्या वाड्यांत सकाळी बंब पेटलेले असतात. धूर समुद्राकडे जातोय तोवर मतलई. धूर सरळ वर उभा राहिला की समजा वारा पडला, आता फिरणार. गावाकडे वळला की आमच्या शिडाच्या होड्या परत फिरायच्या. त्या वेळी तुम्हीही बाहेर या.

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. पण आमचे जुने लोक नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी ढकलत नसत, आणि त्यानंतरही महिनाभर बेताने जात. कारण वाळू. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरची, वाळू ओढून आत नेतात आणि पाण्याखाली तिचे बांध घालतात. भाद्रपद-आश्विनात त्या बांधांना जागोजाग खिंडारं असतात. परतणारं पाणी त्या खिंडारांतून निघतं. मार्गशीर्षापर्यंत लहान लाटा ती वाळू परत पुळणीवर आणून टाकतात. म्हणजे मागच्या फेब्रुवारीत तुम्ही जिथे बिनघोर पोहलात, तिथे ऑक्टोबरात तळ तोच नसतो. दर खेपेला गावातल्या माणसाला विचारा. जीवरक्षक असेल तर त्याला. काशीद असो, गणपतीपुळे असो, जिथे पाटी लावली आहे तिथे ती वाचा. त्या पाट्या बुडालेल्या पोरांमुळे लागल्या आहेत.

गंगापूर रोड

काका, खिंडार ओळखायचं कसं?

बंदरकाठ

उंचावर उभं राहून बघायचं. दोन्हीकडे लाट फुटतेय आणि मधे फुटत नाही, ते खिंडार. पाणी गडद किंवा गढूळ दिसतं. फेस, पानं, कचरा समुद्राकडे सरकताना दिसतो. पाण्यावर बारीक सुरकुत्या असतात.

सापडलात तर जीव घाबरा करू नका. ती ओढ तळाला नेत नाही, आत नेते. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गेली की ती सुटते. किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका. आडवं जा, फेसाकडे. जमत नसेल तर उताणं पडा आणि एक हात वर करा.

शिडाची होडी

आणि बोर्ड सोडू नका. तोच तुमचा तराफा आहे. ताईंनी पायाच्या दोरीचं लिहिलंय, ते मी सगळ्यांना पुन्हा सांगतो. पट्ट्याचं चिकटणं सैल झालं असेल तर त्या दिवशी वाळूत बसायचं. दोरी दरवर्षी बदलावी. नाशिकच्या उन्हात गच्चीवर बोर्ड ठेवतो त्यात दोरी वाळून तडकते, बोटाने वाकवून बघितलं की बारीक भेगा दिसतात.

शिकणाऱ्याने आठ-नऊ फुटी मऊ बोर्डच घ्यावा. उभं राहण्याचा सराव घरी सतरंजीवर करता येतो. छातीजवळ हात, एका झटक्यात दोन्ही पाय खाली, गुडघे वाकलेले, नजर समोर. रोज तीस वेळा. पाण्यात तेवढा एकच क्षण मिळतो.

आई पंचवटीची

जेलीफिशबद्दल कोणी सांगेल का? मुलाच्या पायावर मागच्या वेळी चाबकासारखे वळ होते.

मळ्यातली लाट

काकू, आधी पाण्याबाहेर यायचं. चिकटलेले धागे नुसत्या बोटांनी न काढता चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं. श्वास लागला, चेहरा सुजला तर थेट डॉक्टर. आम्ही थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन जातो. अंगात पूर्ण बाह्यांचा घट्ट शर्ट असला की निम्मं काम होतं.

पाकट मासाही वाळूत लपून बसतो. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कितीतरी जणांना त्याचे काटे लागले होते. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. पाय लागला की तो स्वतःहून निघून जातो.

मळ्यातली लाट

काल रात्री परत आलो. लिहिते, कारण बऱ्याच जणांनी विचारलं.

नवमीला दुपारी निघालो, दिवेआगरला मुक्काम केला. दसऱ्याला पहाटे साडेपाचला सुरूच्या बनातून पुळणीवर आलो तेव्हा पायाखालची वाळू गार होती आणि पाठीवर वारा. वाडीतल्या बंबाचा धूर आमच्या डोक्यावरून समुद्राकडे चालला होता. काका, तो धूर बघून मला तुमची आठवण झाली. उजाडेपर्यंत पाच जण ओळीने बसून पाणी बघत होतो. डाव्या हाताला एक खिंडार होतं. आधी मला दिसलं नाही, भावाने दाखवलं. "ते बघ, तिथे फेस नाही." त्याच्यापासून दोनशे पावलं लांब गेलो. गावातल्या एका काकांना विचारलं, त्यांनी मान हलवून तीच जागा बरी म्हटली.

लाट कमरेएवढी, दर अकरा-बारा सेकंदांनी. भाऊ उतरायच्या आधी दोरीचा पट्टा तीन वेळा ओढून बघत होता. पहिल्या दोन लाटा त्याने सोडून दिल्या. मी काही बोलले नाही. तिसरीवर तो उठला, गुडघे वाकवून, आणि लाटेचा चेहरा इतका गुळगुळीत होता की त्याची सावली तिच्यात दिसत होती. किनाऱ्यापर्यंत आला, बोर्डावरून उतरला आणि वाळूत बसून राहिला बराच वेळ. मग पुन्हा गेला.

नऊ चाळीसला धूर सरळ उभा राहिला. आम्ही बाहेर आलो. दुपारी तीनला डोंगराच्या बाजूला काळं चढलं, तेव्हा आम्ही गाडीत होतो.

छाटणीवाला

इकडेही तीनलाच आला, पंधरा मिनिटं. बाग वाचली. तुम्ही सुखरूप आलात, बरं वाटलं.

आई पंचवटीची

मुलाचे दोन्ही मेसेज आले होते. आपट्याची पानं ठेवली आहेत, सगळ्यांनी येऊन घेऊन जा.

गंगापूर रोड

ताई, कार्तिकी एकादशीला जागा आहे का? अकराची पाऊणपट सव्वाआठ. उताणं पडून बारा मिनिटं जमतंय आता.

मळ्यातली लाट

एक जागा आहे. बोर्ड आमच्याकडचा घ्या, दोरी नवी आणा. दशमीला दुपारी एक वाजता द्वारका चौक.